पातळ पेशीचा तपास

सकाळी उठल्या उठल्या सर थेट फ्रिजपाशी गेले. दार उघडून त्यांनी काचेचा मोठा वाडगा बाहेर काढला आणि हलकेच तिरपा केला. वाडग्यातली पेशी डुचमळत काठापर्यंत आली, आणि पेशीचं केंद्रक, म्हणजे एक टपोरं काळं द्राक्ष, गटांगळी खाऊन पालथं झालं.

"कुणीतरी हात लावलाय," सर म्हणाले.

"पाण्याला कोण हात लावणार?" बायको ओट्यापाशी चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणाली.

हा 'पाणी' शब्द सरांच्या फार जिव्हारी लागला. त्यांनी उभी हयात शाळेत विज्ञान शिकवलं होतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी अख्खी इमारत त्यांना सरच म्हणायची. अशा माणसाने रात्री जेली करून ठेवावी आणि सकाळी तिचं सरबत व्हावं, हे त्यांच्या मते आपोआप घडणं शक्य नव्हतं. ज्ञानी माणसाच्या हातून बिघडलं तर बिघडवणारा दुसरा कुणी असतो, असं त्यांचं साधं तर्कशास्त्र होतं.

प्रकरण नातीचं होतं. नातीला घरात टिकली म्हणत. तिच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन भरणार होतं आणि तिच्या वाट्याला विषय आला होता, 'सजीवांमध्ये प्रथिनांची कामं'. वर्गातली बाकीची मुलं पुठ्ठ्यावर चित्रं डकवणार होती. पुठ्ठ्यावर चिकटवलेलं विज्ञान सरांना बघवत नसे. त्यांनी ठरवलं, आपण एक पेशी करायची. ताटाएवढी. लोकांनी ती बघावी, बोटाने ढोसावी आणि शेवटी चमच्याने खावी. टिकलीला ही कल्पना इतकी आवडली की तिने दुसऱ्याच दिवशी वर्गात जाहीर करून टाकलं, "माझे आजोबा खायची पेशी करतायत." वर्गाने विश्वास ठेवला नाही, म्हणून तिने शपथ घेतली. आता पेशी झाली नाही तर पोरगी खोटी पडणार होती. वर शाळेच्या मुख्याध्यापिका सरांच्याच जुन्या विद्यार्थिनी. त्यांच्यासमोर नात रिकाम्या टेबलाशी उभी आहे, हे दृश्य सरांना डोळे मिटले तरी दिसायचं.

पेशीची आखणी मात्र सुरेख होती. पारदर्शक जेली म्हणजे पेशीच्या आतला द्रव. द्राक्ष म्हणजे केंद्रक. आणि प्रथिनं म्हणजे अननसाचे तुकडे.

"प्रथिनं म्हणजे अंडी आणि दूध ना, आजोबा?" टिकलीने विचारलं होतं.

"ती त्यांची राहायची ठिकाणं झाली. कामं वेगळी. हे बघ, शरीर म्हणजे एक मोठं गाव समज. गावात गवंडी लागतात, हमाल लागतात, पहारेकरी लागतात. लागतात की नाही?"

"लागतात."

"ही सगळी प्रथिनं. तुझे केस आणि नखं बांधतात ती गवंडी. रक्तातून प्राणवायूचं ओझं वाहतं ते हमाल. रोगजंतू घुसला की त्याची कॉलर धरतात ते पहारेकरी. जेवण झाल्यावर 'साखर आली हो, आत घ्या' असं पेशींना सांगत फिरतं, ते निरोप्या. आणि अन्नाचे बारीक बारीक तुकडे करतात ती कात्रीवाली. त्यांना म्हणायचं विकरं. प्रत्येकाची कात्री वेगळी. एकाची साखर कापणारी, दुसऱ्याची चरबी, तिसऱ्याची प्रथिनंच कापणारी."

"म्हणजे आपल्याच माणसांना?"

"काम म्हणजे काम. आणि पेशीत ही मंडळी कोपऱ्याकोपऱ्यात खपत असतात."

"मग अननस सगळीकडे घालू?"

"सढळ हाताने घाल," सर म्हणाले.

बायकोने डब्यातला, पाकात मुरवलेला अननस आणू का म्हणून विचारलं होतं. सरांनी हात झटकला. "डब्यातलं फळ म्हणजे फळाचा फोटो. पेशी जिवंत असते. ताजाच पाहिजे." मग त्यांनी स्वतः बाजारातून काटेरी अननस आणला, स्वतः सोलला, चिरताना बोट कापून घेतलं, आणि जेलीची पूड गरम पाण्यात विरघळवून, ते पाणी कोमट झाल्यावर, तुकडे त्यात अलगद सोडले. सगळं शास्त्रशुद्ध. आणि सकाळी पाणी.

इमारतीत बातमी पसरायला वेळ लागत नाही, कारण समोरच्या घरातल्या काकूंचं दार कायम अर्धं उघडं असतं. काकू आल्या, वाडग्यात वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "विजेचा दाब कमी आहे सर. आमचा पंखाही हल्ली मनापासून फिरत नाही."

वरच्या मजल्यावरचे हवालदार खाली आले. ते निवृत्त झाले होते, पण त्यांचा संशय अजून नोकरीत होता. त्यांनी वाडग्याभोवती एक फेरी मारली, द्राक्षाकडे रोखून पाहिलं आणि सरांना बाजूला घेतलं.

"सर, आधी सगळ्यांवर संशय घ्यायचा. मग एकेकाला वगळत जायचं. शेवटी उरतो तो गुन्हेगार. मी आयुष्यभर असंच केलं."

"बरेच गुन्हेगार सापडले असतील," सरांची बायको म्हणाली.

"वगळता वगळता सगळेच सुटायचे वहिनी. पण पद्धत बरोबर होती."

सरांना पद्धत पटली. पहिला संशय फ्रिजवर. फ्रिज दुरुस्त करणारा आला. त्याने फ्रिज भिंतीपासून ओढला, मागे कान लावला आणि डॉक्टरसारखी मान हलवली. "याचा श्वास कोंडलाय," तो म्हणाला आणि आतून एक छोटी वस्तू काढून खिशात टाकली. त्यानंतर फ्रिज असा काही श्वास घेऊ लागला की दुधाची वीट झाली, काकड्यांनी खलबत्ता फुटेल अशी अवस्था आली, आणि बायकोने ठेवलेलं लोणी सुरीला दाद देईना. जेलीसुद्धा दगड झाली. सर आनंदाने ती बाहेर घेऊन आले. टेबलावर ठेवली. टिकलीला हाक मारली. टिकली येईपर्यंत पेशीला घाम फुटला आणि ती येऊन बसेपर्यंत पेशीने पुन्हा पाण्याचा मार्ग धरला.

"बर्फ झाला होता तो, आजोबा," टिकली हळूच म्हणाली.

"ते मलाही कळतं," सर म्हणाले. कळत नसतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटून गेलं.

दुरुस्त करणाऱ्याने ती वस्तू परत बसवली, फ्रिज पूर्ववत झाला आणि दुसऱ्या खेपेला संशय घरातच वळला. जेली गोठत असताना फ्रिज वारंवार उघडला जातो, हे हवालदारांचं निरीक्षण होतं. "घरातूनच सुरुवात करावी लागते, सर. नाजूक असतं, पण करावं लागतं." म्हणून सरांनी नवी जेली ठेवल्यावर फ्रिजच्या दारावर आडवी कागदी पट्टी चिकटवली आणि तिच्यावर लफ्फेदार सही ठोकली.

"हे काय?" बायकोने विचारलं.

"सील. तपास चालू आहे."

"आणि चहाला दूध?"

"तपासात थोडी गैरसोय होतेच."

बायकोने सरांना कोरा चहा दिला, साखरेशिवाय. मग एक कागदी पट्टी कापली, स्वयंपाकघराच्या दाराला लावली आणि तिच्यावर स्वतःची सही केली. सरांच्या सहीपेक्षा ती वळणदार होती. त्या दिवशी दुपारचं जेवण सरांनी हवालदारांकडे केलं. हवालदार एकटे राहत आणि स्वतः रांधत. त्यांनी भातात मीठ घातलं होतं की नाही हा वेगळ्या तपासाचा विषय होता.

संध्याकाळी दोन्ही पक्षांच्या समक्ष सील फोडलं. आत पाणी.

"आता मला वगळा," बायको म्हणाली.

सर वगळणार इतक्यात समोरचं अर्धं दार पूर्ण उघडलं आणि काकू आल्या. हातात ताटली. ताटलीत जेली. वाडग्यातून उपडी काढलेली, डेऱ्यासारखी उभी, थंडी वाजल्यासारखी नुसती थरथरत होती. पोटात अननसाचे पिवळेधमक तुकडे.

"तुमचं बघून मलाही हुक्की आली," काकू म्हणाल्या. "अननसाचा डबा कधीचा पडून होता, तोही मार्गी लागला. पूड आपल्या शेठकडचीच हो. बघा तरी खाऊन."

सरांचं लक्ष काकूंच्या बोलण्याकडे नव्हतं. ते त्या थरथरण्याकडे बघत होते. तीच पूड, तेच पाणी, विजेचा दाबही तोच. मग काकूंची जेली अशी छाती काढून उभी आणि आपली आडवी? पूड एकच, हे कशावरून?

हे शेठ म्हणजे कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार. सरांचा आणि त्यांचा स्नेह जुना. सकाळी सर दुकानात जाऊन शेठचं वर्तमानपत्र वाचत, त्यातल्या चुका शेठना दाखवत, आणि शेठ गिऱ्हाईक सांभाळता सांभाळता "असं का? असं का?" म्हणत. सरांच्या आजारपणात शेठ स्वतः पिशव्या घेऊन जिना चढले होते. पण संशय एकदा डोक्यात शिरला की स्नेहाचाही पुरावा करतो. सरांना आठवलं, परवा पूड मोजताना शेठ हसले होते. का हसले?

सर दुकानात गेले तेव्हा चांगली गर्दी होती. त्यांनी शिकवायचा आवाज लावला. "शेठ, तुमच्याकडे जेलीची पूड किती प्रकारची आहे?"

"एकाच प्रकारची सर. हा काय डबा."

"मग काकूंच्या घरी जेली आणि माझ्या घरी पाणी, हे कसं?"

"ते मी कसं सांगू? डबा एक, चमचा एक." शेठनी डबा सगळ्यांना दिसेल असा तिरपा केला. मग सवयीने थट्टा केली, "हाताचा गुण असतो सर. काही हातांना दही लागत नाही, तसं."

गर्दी हसली. एक बाई तर पिशवी तोंडाला लावून हसली. शेठही हसले, नेहमी हसत तसे. सर मात्र वळले आणि चालायला लागले. विज्ञानाच्या माणसाला हाताचा गुण! सर्वांसमक्ष!

दुसऱ्या दिवशी ते भेसळ तपासणीच्या कचेरीत होते. पिशवीत काचेची बरणी, बरणीत पेशी. खिडकीमागच्या कारकुनाने चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

"हे काय आहे?"

"जेली."

"जेली अशी असते?"

"नसते. म्हणूनच तक्रार आहे."

कारकुनाने बरणी हलवली. आतलं द्राक्ष गोल फिरलं. "इथं घट्ट पदार्थ घेतात. हे पातळ आहे. शेजारची खोली."

शेजारच्या खोलीतल्या माणसाने विचारलं, "सरबत का?"

"जेली."

"मग शेजारी. तिथं घट्ट पदार्थ घेतात."

सर दोन खोल्यांमधून इतक्यांदा गेले-आले की शिपायाने त्यांना खुर्ची देऊ केली. शेवटी पहिल्या कारकुनाला दया आली. "असं करा," तो म्हणाला, "घरी जाऊन फ्रिजमध्ये ठेवा, घट्ट झाली की आणा. मग होत नाही म्हणून तक्रार घेतो."

सरांनी त्याला उभ्या उभ्या घन, द्रव आणि त्यांच्या मधल्या अवस्था समजावून सांगितल्या. तास भरला तसा कारकून थकला आणि त्याने तक्रार घेतली. पदार्थाच्या रकान्यात त्याने लिहिलं, 'अनिश्चित'.

सरांना वाटलं होतं, फार तर शेठना एक समज मिळेल. पण सरकारी यंत्र एक तर हलत नाही, आणि हललं तर कुठं थांबायचं ते त्याला कळत नाही. दोन तपासनीस आले. जेलीच्या पुडीचा डबा नेला. शेजारचा डबा कशाचा म्हणून विचारलं, तोही नेला. आणि जाताना दुकानाच्या दाराला नोटीस डकवली, तपासणी पूर्ण होईपर्यंत सुटा माल विकायला मनाई. शेठचं दुकानच सुट्या मालाचं. साखर सुटी, तांदूळ सुटे, पीठ सुटं. आता विकायला राहिल्या आगपेट्या आणि साबण.

लोक येत, नोटीस वाचत, आत डोकावत आणि पुढच्या चौकातल्या दुकानात जात. "मला साखरेचाही वास येत होताच," असं कुणीतरी म्हणालं. काकूंनी घरातलं मीठ पाण्यात टाकून बघितलं. शेठ बंद पोत्यांसमोर हाताची घडी घालून बसलेले असत. सर गॅलरीतून बघत. एकदा दोघांची नजर भिडली. शेठनी मान दुसरीकडे वळवली. सरांना विजय मिळाला होता, तरी त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

"खरंच लबाडी असेल ना हो त्यांची?" बायकोने ताट उचलताना विचारलं.

"असणारच. नाहीतर दुसरं काय असणार?" सर म्हणाले, पण आवाज शिकवायचा नव्हता.

प्रदर्शन उद्यावर आलं. सरांनी दूरच्या मोठ्या बाजारातून कंपनीचं बंद पाकीट आणलं, ताजा अननस आणला, नवा वाडगासुद्धा आणला. पहाटे जेली लावली. दुपारी फ्रिज उघडला. पाणी.

"दोघं दुकानदार मिळालेले आहेत," सर पुटपुटले.

"टोळी," हवालदार म्हणाले. त्यांचे डोळे चमकले. "मला सुरुवातीपासून वास येत होता."

टिकली जेवणाच्या टेबलाशी आपलं भाषण पाठ करत बसली होती. तिने मान वर केली. "आजोबा, मी हवालदारआजोबांच्या पद्धतीने सगळ्यांना वगळलं."

"मग?"

"फ्रिज वगळला. त्यात काकड्यासुद्धा गोठल्या. आजी वगळली, कारण सील होतं. शेठकाका वगळले, कारण आजची पूड त्यांची नव्हतीच. मग प्रत्येक वेळी हजर कोण होतं? दोघंच."

"कोण कोण?"

"एक तुम्ही."

हवालदार चटकन सरांकडे वळले. त्यांची नजर बदललेली सरांना स्पष्ट दिसली.

"मी?" सर म्हणाले. "अगं, मी कशाला…"

"आणि दुसरा अननस," टिकली म्हणाली. "तुमचं मी नंतर बघणार होते."

"अननस काय करणार बाळा? तो बिचारा नुसता प्रथिनांच्या जागी…" सर बोलता बोलता थांबले. तोंड उघडंच राहिलं. मग ते हळूहळू खुर्चीत बसले.

बालमित्रहो, आणि मोठ्यांनो, सर का बसले ते सांगायला हवं. जेलीची पूड म्हणजे स्वतःच एक प्रथिन असतं. जनावरांच्या हाडांत आणि कातड्यात दोरखंडासारखी प्रथिनं असतात, गवंडीकाम करणारी. ती उकळून, वाळवून पूड होते. गरम पाण्यात ते दोर सुटे होतात आणि गार होताना एकमेकांत गुंतून जाळं विणतात. त्या जाळ्यात पाणी अडकतं, हीच जेली. आणि ताज्या अननसात असतात कात्रीवाली विकरं. कात्री कुठली, तर प्रथिनं कापणारी. सरांनी जाळं विणायला ठेवलं होतं आणि त्यातच सढळ हाताने कात्र्या सोडल्या होत्या.

"पण काकूंची कशी झाली?" टिकलीने विचारलं.

सर ताडकन उठले, समोरच्या अर्ध्या दारातून आत शिरले आणि ओरडले, "काकू! तुमचा अननस डब्यातला होता?"

"सांगितलं की मी तेव्हाच," काकू दचकून म्हणाल्या. "ऐकतंय कोण!"

डब्यातला अननस टिकावा म्हणून तापवलेला असतो. अंडं एकदा उकडलं की पुन्हा कच्चं होत नाही, तशी तापलेली कात्री पुन्हा कापत नाही. उष्णतेने प्रथिनाचा आकार मोडतो, आणि आकार मोडला की काम संपलं.

सरांनी लगेच थोडा अननस उकळला, गार केला आणि नव्या जेलीत घातला. टिकली टाळ्या वाजवत होती. "आजोबा, आपण अननसाला प्रथिनाचं काम दिलं, आणि त्याने ते खरंच केलं!"

संध्याकाळी जेली घट्ट उभी राहिली. ढोसली तर डोलत होती. सरांनी ती बायकोला दाखवली. "उद्याची काळजी मिटली."

"जेलीची मिटली," बायको म्हणाली. "शेठचं काय?"

घट्ट पेशी घेऊन उद्या शाळेत जायचं, शाबासकी घ्यायची, आणि तो पातळ वाडगा मोरीत ओतून द्यायचा, म्हणजे कुणाला काही कळलं नसतं. हवालदारांना टोळीच खरी वाटत होती. नोटीसही कधीतरी आपोआप निघाली असती. सरांनी पातळ वाडगा मोरीपर्यंत नेला आणि परत आणून घट्ट वाडग्याशेजारी ठेवला.

"टिकले," ते शेवटी म्हणाले, "उद्या दोन्ही वाडगे न्यायचे. पातळसुद्धा. आणि काय काय झालं ते सगळं सांगायचं."

"सगळं?"

"सगळं."

मुलांना सगळं सांग म्हटलं की ती खरंच सगळं सांगतात. टिकलीने प्रदर्शनात, अर्ध्या गावासमोर, दोन वाडगे दाखवून गवंड्यांपासून कात्रीवाल्यांपर्यंत सगळी प्रथिनं समजावली. आणि मग खणखणीत आवाजात म्हणाली, "ही जेली पातळ का झाली हे माझ्या आजोबांना कळलं नाही. म्हणून त्यांनी आधी फ्रिजवर संशय घेतला, मग आजीवर, मग शेठकाकांवर. शेठकाकांचं दुकान बंद पडलं. पण शेठकाकांनी काहीच केलं नव्हतं. अननसाने केलं होतं. आणि अननसाचाही दोष नाही, तो त्याचं काम करत होता."

लोक सरांकडे वळून बघू लागले. सरांनी खाली बघून बुटाची नाडी बांधली. ती सुटलेली नव्हती.

मुख्याध्यापिका जवळ आल्या. "सर, हे तुम्हीच आम्हाला शिकवलं होतंत. परीक्षेत विचारलंही होतंत. 'न शिजवलेला' हा शब्द लिहायचा राहिला म्हणून माझा अर्धा गुण कापला होतात."

"हो का?" सर म्हणाले. "कापायला नको होता."

तिथून ते तडक कचेरीत गेले. "तक्रार मागे घ्यायची आहे."

"मागे घेता येत नाही," कारकून म्हणाला. "निकाली काढता येते. त्याला दोषी लागतो. दोषी कोण?"

"अननस."

"पूर्ण नाव?"

"एवढंच आहे."

"समक्ष हजर करता येईल?"

"आम्ही खाल्ला."

कारकुनाने लेखणी थांबवली. "म्हणजे पुरावा नष्ट केलात?"

सरांनी दीर्घ श्वास घेतला आणि विकरांपासून सुरुवात केली. कारकुनाला मागचा तास आठवला असावा, कारण त्याने घाईघाईने हात वर केले, कागद ओढला आणि लिहून टाकलं, 'दोषी मयत, प्रकरण बंद'. शिक्का मारताना तो म्हणाला, "पुन्हा काही पातळ झालं तर कृपा करून शेजारच्या खोलीत जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी नोटीस निघाली. दाराच्या रंगाचा एक पोपडा तिच्याबरोबर निघाला आणि तेवढा चौकोन उघडा पडला. सर एका पिशवीत अननसाचे ताजे तुकडे आणि दुसऱ्या डब्यात थरथरती जेली घेऊन दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. शेठ पोत्यांची तोंडं सोडत होते. त्यांनी सरांकडे बघितलं, बसा म्हटलं नाही.

"शेठ," सर म्हणाले, "चूक माझी होती. सगळी माझी. मी शाळेतही जाहीर सांगितलंय."

"कळलं. तुमची नात बोलली म्हणे."

"हो, तीच बोलली," सर म्हणाले. "मी उभा होतो."

शेठनी एक गाठ सोडवली. मग दुसरी. "सर, तुम्ही मला विचारलं असतंत तर."

"तुम्हाला माहीत होतं, अननसाचं?"

"नाही हो. मला काय माहीत असणार?" शेठ म्हणाले. "पण विचारलं असतंत."

सरांनी जेलीचा डबा पुढे केला. शेठनी डब्याकडे बघितलं, वास घेतला, डबा उजेडात धरून हलवला आणि परत सरांपुढे सरकवला.

"आधी तुम्ही खा."

सरांनी एक चमचा खाल्ला. शेठ त्यांच्या चेहऱ्याकडे बघत थांबले. सर जिवंत आहेत अशी खात्री झाल्यावर त्यांनीही एक चमचा घेतला. मग पिशवीतला ताजा तुकडा उचलला. "हाच का तो?"

"हाच."

शेठनी तो तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळला. "जीभ चुरचुरते."

"तेच तर!" सरांचा आवाज आपोआप शिकवायचा झाला. "तुमची जीभही प्रथिनांचीच. तुम्ही त्याला खाताय, आणि तेवढ्यात तोही तुम्हाला कुरतडून घेतो. विकरांचं कामच ते."

शेठनी तुकडा गिळला, जीभ टाळूवर फिरवून बघितली आणि सरांसाठी पोत्यावरची जागा हाताने झटकली.

"बरा आहे की मग," ते म्हणाले. "निदान समोरासमोर चावतो. कचेरीत तर जात नाही."